आधी घर कसं आहे ते विचार

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

मुलांच्या ऑक्युपेशनल थेरपी (ओटी), म्हणजे खाणं, बसणं, खेळणं अशी रोजची कामं जमावीत म्हणून दिल्या जाणाऱ्या उपचारांच्या विभागाची जबाबदारी तुझ्याकडे आली, फार आनंद झाला. सेन्सरी रूम, नवी उपकरणं ही तुझी यादी वाचली. ती यथावकाश होईलच. पण दिवसाला किती मुलं पाहिली याचा हिशेब प्रशासन मागतच राहील. मूल घरी गेल्यावर त्याच्या दिवसात काय बदललं, हे विचारणारं दुसरं कुणी नसेल. ते तू विचार.

भरवण्याचंच घे. तीव्र सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर ताबा नसणं), फिट्सची औषधं चालू, आणि मूल पुन्हा न्यूमोनियाने दाखल. अँटिबायोटिक संपतं, घरी जातं, परत येतं. आईला ‘कसं भरवता?’ विचारलंस तर ‘नीट भरवते’ म्हणेल, आणि तिच्या परीने ते खरंच असतं. त्यापेक्षा तिला भरवू दे, तू शेजारी बस. मूल मांडीवर आडवं, मान मागे टाकलेली, तोंडात वरून पातळ पेज, असं पुष्कळदा दिसेल. खोकला येत नाही एवढ्यावर निर्धास्त होऊ नकोस. काही मुलांच्या श्वासनलिकेत अन्न जातं तरी खोकला उमटत नाही, आणि त्यातूनच पुन्हा न्यूमोनिया होऊ शकतो. डोळ्यांत येणारं पाणी, घशातला ओलसर आवाज, श्वासाची बदललेली लय यांवर नजर ठेव. कंबर-पाठ टेकवून बसवणं, हनुवटी किंचित खाली, त्या मुलाला झेपेल असं खिमट, लहान चमचा, दोन घासांत पुरेसा वेळ, हे आपण शिकवू शकतो. भरवण्यासाठी नळी घालायची का, हे मात्र बालरोगतज्ज्ञ आणि स्पीच थेरपिस्ट यांच्याबरोबरच ठरतं.

म्हणून वॉर्डचा राउंड कधीही चुकवू नकोस. तिथे तू नसलीस तर ‘ओटी रेफरन्स’ डिस्चार्जच्या दिवशी केसपेपरवर लिहिला जातो आणि तोवर खाली रिक्षा उभी असते. राउंडमध्ये बोलताना संकोच नको. कमलाबाई निंबकरांनी १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात या विषयाचं शिक्षण सुरू केलं. १९५२ मध्ये ऑक्युपेशनल थेरपिस्टांची जागतिक संघटना स्थापन झाली तेव्हा भारत संस्थापक देशांपैकी एक होता. आपण या क्षेत्रात कालपरवा आलेलो नाही.

खुर्ची सुचवण्याआधी खोली केवढी, झोपतात कुठे, मोरी किती अरुंद, उचलतं कोण, हे विचार. एका खोलीत सहा माणसं राहत असतील तर मोठी खुर्ची दुसऱ्या दिवशी माळ्यावर जाते. पुठ्ठ्याचे थर चिकटवून केलेली कोपऱ्यात बसणारी खुर्ची तिथे खरोखर वापरली जाते. आजी दुपारी सांभाळत असेल तर शिकवायला आजीलाही बोलाव. कुटुंब पालघर, रायगडकडचं असेल तर जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रातल्या थेरपिस्टला आधी फोन कर, नुसती चिठ्ठी देऊ नकोस. दिव्यांग प्रमाणपत्र आणि ‘निरामय’ हा दिव्यांगांसाठीचा सरकारी आरोग्य विमा यांची माहिती पालकांना वॉर्डमध्येच मिळू दे. एकदा घरी गेले की मजुरी बुडवून परत येणं अवघड असतं.

नवजात अतिदक्षता विभागात रोज नवा इंटर्न पाठवू नकोस. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला कधी हात लावायचा आणि कधी मुळीच लावायचा नाही, हे तिथल्या सिस्टरांना चांगलं कळतं. त्यांच्या वेळेशी जुळवून घेणारं एकच स्थिर माणूस तिथे ठेव.

आणखी एक, हे कुठल्याच अभ्यासक्रमात नाही. आपली काही मुलं जातात. वर्षभर ज्याच्या हातात खुळखुळा धरवला ते मूल गेल्यावर तुझी ज्युनियर पुढच्या पेशंटचं नाव पुकारेल, कारण बाहेर रांग असते. ती रांग अर्धा तास तू सांभाळ. संध्याकाळी सगळ्यांना एकत्र बसव, त्या मुलाबद्दल बोलू दे. आईला फोन तू स्वतः कर. स्प्लिंट (हातपायाला आधार देणारी पट्टी) किंवा खुर्ची परत मागण्याचा विषय काढू नकोस. ती आपण होऊन घेऊन आली तर तिला बसवून चहा दे, घाई करू नकोस.

पहिल्या महिन्यात राउंडमध्ये काय अडचणी येतात ते सविस्तर लिही.

तुझ्या,
मॅडम