त्याला एक भंगारातली मोटर द्या

दादा, नमस्कार.

तुमचं मोटर रिवायंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरमध्ये तांब्याची तार नव्याने भरून देण्याचं दुकान आहे. मुलगा आयटीआय करून वर्षभर तुमच्या हाताखाली आहे. ‘सगळं समजावून सांगतो, तरी लक्ष मोबाइलमध्ये,’ असं तुम्ही लिहिलंय. आता तो पुण्याला कंपनीत जातो म्हणतोय. पोरगं आळशी निघालं का, असं विचारलंय तुम्ही.

मला तसं वाटत नाही. तुमच्याच पत्रात आहे : ‘त्याने कॉइल भरायला घेतली की तार खरवडते, म्हणून मी त्याच्या हातातून काढून घेतो.’ वर्षभर हेच चाललं असेल तर त्या पोराने करायचं काय? उभं राहून कंटाळणार, मोबाइल काढणार.

स्लॉटमध्ये, म्हणजे मोटरच्या आतल्या खाचेत, तार सरकवताना जोर किती लावायचा, हे तुम्हाला तरी कुणी सांगून आलं होतं का? जास्त ओढली की तारेवरचा इनॅमलचा थर जातो, ढिली राहिली की शेवटचे टर्न, म्हणजे वेढे, मावत नाहीत. ते बोटांनाच कळावं लागतं, आणि त्यात थोडी तार वाया जाणारच.

तांब्याचा भाव बघता तुमची धास्ती खरी आहे. ऐन उन्हाळ्यात पीक वाळतंय, शेतकरी दारात उभा आहे, तेव्हा त्याच्या मोटरवर प्रयोग नकोच. पण दुकानात भंगारातली एखादी मोटर पडलेली असेलच. ती अख्खी त्याच्या ताब्यात द्या. जुनं वायंडिंग त्यानेच काढावं, टर्न किती, तारेची जाडी म्हणजे गेज किती, कॉइल किती स्लॉट सोडून बसते म्हणजे पिच किती, जोडणी कशी, हे त्यानेच वहीत लिहावं. काही लिहायचं विसरला तर बोलू नका. नवं भरताना अडेल, तेव्हा त्याचं त्यालाच उमगेल. तुम्ही काउंटरवर बसा, हाक मारली तरच उठा.

करंटचं मात्र अनुभवावर सोडू नका. मेन स्विच बंद केल्याशिवाय हात लावायचा नाही, कपॅसिटरमध्ये साठलेली वीज डिस्चार्ज केल्याशिवाय टर्मिनलला बोट नाही. हे रोज सांगा, दरडावून सांगा.

पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथली मुलं वेल्डिंग, वायरिंग, बांधकाम हे सगळं गावातली खरी कामं करत शिकतात. शाळेत मागे पडलेली पोरंही तिथे तयार होतात, कारण काम त्यांच्यावर सोपवलेलं असतं.

भंगारातली मोटर फिरली की ओळखीच्या गिऱ्हाइकाची एक मोटर त्याला द्या. बिल त्यानेच करावं, मजुरी त्यानेच ठेवावी. तरीही पुण्याला जायचं म्हणाला तर आनंदाने जाऊ द्या. काय झालं ते मला नक्की कळवा.

— तुमची ताई