भाषा शाबूत, तरी संवाद बिनसतो

प्रश्न : दुचाकीवरून पडून मिस्टरांच्या डोक्याला मार लागला, त्याला वर्ष झालं. भाषेची तपासणी केली, ती चांगली आली. पण बोलायला लागले की थांबत नाहीत, मूळ विषय बाजूलाच राहतो आणि चारचौघांत नको ते बोलून जातात. भाषा ठीक आहे, तर बिघडलंय काय?

ती तपासणी बहुधा वाचाघातासाठीची असते, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे शब्द सुचणं किंवा समजणं बिघडलंय का हे पाहणारी. वस्तूचं नाव सांगा, वाक्य परत म्हणा, सूचना ऐकून तसं करा, असं तिचं स्वरूप. शांत खोली, समोर एकच माणूस, एका वेळी एकच प्रश्न. विषय धरून ठेवायचं काम तिथे तपासणाराच करत असतो. त्यामुळे नेमकी अडचण तिथे दिसत नाही.

कवटीचा तळ पुढच्या बाजूला खडबडीत असतो. मेंदू जोरात हलला की कपाळामागचा भाग आणि कानशिलाजवळच्या भागाची टोकं तिथे घासून खरचटतात. शिवाय लांबवर जाणारे मज्जातंतू ताणले जातात. लक्ष टिकवणं, मनातलं ओठांवर येण्याआधी अडवणं, समोरच्याचा अंदाज घेणं, ही कामं याच जाळ्यावर चालतात.

‘थांबत नाहीत’ याची कारणं निदान तीन असू शकतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. ‘मी काय सांगत होतो?’ असं वारंवार विचारत असतील, तेच परत सांगत असतील किंवा विसरू या भीतीने मध्येच तोंड घालत असतील, तर वर्किंग मेमरी, म्हणजे बोलता बोलता गोष्ट तेवढ्यापुरती मनात धरून ठेवणारी स्मरणशक्ती, तोकडी पडते आहे. मागाहून ‘असं बोलायला नको होतं’ हे त्यांना स्वतःला कळत असेल, तर नियम ठाऊक आहे पण ब्रेक वेळेवर लागत नाही. आणि समोरचा तीनदा घड्याळ पाहतोय हे त्यांना जाणवतच नसेल, तर चेहरे वाचण्यात खोट आहे. बऱ्याचदा तिन्हींची भेसळ असते, पण एक जास्त ठळक असतं. ते ओळखायला आठवडाभर नोंद ठेवा : किती माणसं होती, आवाज किती होता, दिवसाची कोणती वेळ, लगेच आधी काय बोलणं झालं.

स्मरणासाठी छोट्या कार्डावर तीन शब्द पुरतात : कोण, काय झालं, मग काय. त्यांनी बोलताना त्या त्या शब्दावर बोट ठेवावं. ब्रेकसाठी दोघांनी मिळून एक खूण ठरवा, उदाहरणार्थ टेबलावर दोन बोटं टेकवणं. भुवई उंचावणं ही खूण म्हणून कुचकामी, कारण चेहऱ्यावरच्या बारीक खुणाच तर निसटतात. खूण दिसली की ‘थोडक्यात सांगतो’ म्हणून आवरतं घ्यायचं, याची आधी घरात, पाहुणे नसताना, आठ-दहा वेळा तालीम करा. हा उपाय फसतो तो घरच्यांच्या उत्साहामुळे. दिवसातून तीस वेळा बोटं टेकवली तर ती खूण राहत नाही, टोचणी होते. चेहरे वाचता येत नसतील तर तोंडाने सांगा : ‘मला पाच मिनिटांत निघायचंय, उरलेलं संध्याकाळी ऐकते.’

प्रश्न : माझा धाकटा भाऊ अपघातानंतर आपणहून बोलतच नाही. ‘आज काय केलंस?’ विचारलं की ‘काही नाही.’ मित्रांत बसला तर विनोदावर सगळ्यांचं हसून झाल्यावर हसतो. खचला असेल का?

मेंदूच्या दुखापतीनंतर नैराश्य वारंवार आढळतं, तेव्हा ते डॉक्टरांकडून तपासून घ्याच. झोप, भूक, निराशेचं बोलणं याकडे लक्ष ठेवा. मात्र कुणी विषय काढून दिल्यावर तो बरं बोलत असेल, तर अडचण सुरुवात करण्यात असू शकते. ही पुढाकाराची यंत्रणाही कपाळामागेच आहे. उशिरा हसणं हे बहुतेक विचारांची गती मंदावल्याचं लक्षण. विनोद कळतो, पण तोवर गप्पा पुढे गेलेल्या असतात. कानही तपासून घ्या, आणि चालू औषधांनी सुस्ती येते का तेही विचारा.

‘काय केलंस?’ हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. दिवस आठवायचा, त्यातलं एक निवडायचं, ते मांडायचं. त्याऐवजी ‘आज व्यायामाला सायकल दिली होती म्हणे. पाय भरून आले असतील’ एवढं बोला आणि थांबा. मनात दहापर्यंत आकडे मोजा. आपण सहसा तिसऱ्या आकड्यालाच धीर सोडतो आणि तोच प्रश्न दुसऱ्या शब्दांत विचारतो. मग त्याला पुन्हा पहिल्यापासून जुळवाजुळव करावी लागते. टीव्ही बंद ठेवा, आधी एकाशी गप्पा, मग दोघांशी.

आणि ‘काल कोण आलं होतं, सांग पाहू’ असले, उत्तर आपल्याला ठाऊक असलेले प्रश्न बंद करा. ती परीक्षा झाली, गप्पा नव्हेत.

प्रश्न : बाबांना टोमणा कळत नाही. बाबा उशिरा आले म्हणून काका म्हणाले, ‘वा, काय लवकर आलास!’ बाबा खूश!

शब्द एक, मनात दुसरं, हे ताडायला समोरच्याच्या डोक्यात काय चाललंय याचा अंदाज लागतो, आणि आवाजातला हेलही टिपावा लागतो. घरात सरळ बोला, हे सगळ्यात सोपं. बाबांना एक पडताळा शिकवता येतो : कौतुक ऐकलं की परिस्थितीशी ताडून पाहायचं. घड्याळात उशीर दिसतोय आणि शब्द ‘लवकर’ आहेत, म्हणजे थट्टा किंवा राग. बाहेर शंका आली तर ‘गंमत करताय का?’ असं विचारायला काहीच हरकत नाही.

प्रश्न : नवरा म्हणतो, ‘मला काही झालेलं नाही, तुम्हीच बदललात.’ थेरपीला तयार नाही. चार वर्षं झाली. आता उपयोग होईल?

हा हट्ट नसावा. स्वतःच्या वागण्यावर नजर ठेवणारा भागच दुखावला असेल, तर आपलं चुकतंय हे कळायचं कसं? वाद घालू नका. त्याला अंदाज करू द्या : ‘हा फोन किती मिनिटांत आटपेल?’ मग त्यानेच घड्याळ पाहावं. आकडा तो मान्य करतो, बायकोचं मत करेलच असं नाही. रोजच्या बोलण्यातल्या अडचणी टिपणारी ‘ला ट्रोब संवाद प्रश्नावली’ असते, तिच्यात तीस प्रश्न असतात. ती रुग्ण आणि जवळची व्यक्ती वेगवेगळी भरतात, आणि दोन्हीतली तफावत थेरपिस्ट दाखवतो. तफावत दाखवायचं काम थेरपिस्टवरच सोपवा.

सुधारणेचा वेग पहिल्या काही महिन्यांत जास्त असतो हे खरं, पण बोलणाऱ्यासोबत घरच्यांनाही शिकवलं तर कित्येक वर्षांनंतरही फरक पडतो. म्हणून थेरपिस्ट निवडताना ‘आम्हालाही बसवून शिकवाल का?’ हे पहिल्याच भेटीत विचारा. नवरा येत नसेल तर तुम्ही एकट्या जाऊन सुरुवात करा.