इंदूरला मावशीकडे जातोय, बाहेर खायचं कुठे?

प्रश्न: डिसेंबरमध्ये पहिल्यांदाच इंदूरला मावशीकडे जातोय, सोबत आईबाबा आहेत. बाहेर खायला त्यांना कुठे नेऊ?

उत्तर: सकाळी पोहे-जिलेबी, जिथे गर्दी दिसेल तिथे खा, पोहे वाफेवर गरम ठेवतात, वरून शेव आणि जीरावन मसाला, फार छान लागतं. सराफा बाजारात मात्र रात्रीच, दागिन्यांची दुकानं बंद झाली की त्यांच्याच समोर खाण्याचे ठेले लागतात, तेव्हा नऊनंतर जा, भुट्ट्याचा कीस खा आणि थंडी आहे तर तळलेला गराडू (एक कंद) सोडूच नका! पण तिथे गर्दीत उभ्यानेच खावं लागतं, आईबाबांना झेपणार नसेल तर संध्याकाळी छप्पन दुकान या खाऊगल्लीत न्या. आणि मावशीला सकाळीच सांगून ठेवा हो, नाहीतर ती स्वयंपाक करून वाट बघत बसेल.