वाचकांचे प्रश्न : कोटेशन, स्लाइड्स आणि एकाच कंपनीची तीन नावं

प्रश्न : सातपूरला आमचं मशिनिंगचं युनिट आहे, प्रायव्हेट लिमिटेड. कोटेशन तिघं जण करतात आणि तिघांची तीन तऱ्हा. एका ग्राहकाने तर एकाच कोटेशनमध्ये कंपनीचं नाव तीन प्रकारे लिहिलेलं दाखवून दिलं. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : नावापासूनच. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १२ प्रमाणे पत्रांवर आणि बिलांवर कंपनीचं नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, २१ अक्षर-अंकांचा सीआयएन (कंपनीचा ओळख क्रमांक), फोन, ई-मेल हे छापावंच लागतं. नाव नोंदणी प्रमाणपत्रावर आहे तसंच घ्या. सोबत जीएसटी क्रमांक. हा मजकूर कोणी टाइपच करायचा नाही, टेम्प्लेटच्या, म्हणजे कोऱ्या नमुना फाइलीच्या, हेडर-फूटरमध्ये कायमचा बसवून टाका.

खरी गडबड होते ती जुनं कोटेशन उघडून ‘सेव्ह अ‍ॅज’ करण्यामुळे. मागच्या ग्राहकाचं नाव, गेल्या वर्षीचा दर, कोणीतरी हाताने वाढवलेला फॉन्ट, सगळं पुढच्या फाइलीत उतरतं. त्यापेक्षा कोरं कोटेशन बनवून ‘वर्ड टेम्प्लेट’ म्हणून सेव्ह करा. त्यावर डबल-क्लिक केलं की दर वेळी नवी फाइल उघडते, मूळ शाबूत राहतं. मथळे हाताने ठळक करू नका, ‘हेडिंग १’ स्टाइलच ‘मॉडिफाय’ करा. तिथल्या ‘ऑटोमॅटिकली अपडेट’वर खूण नसावी, नाहीतर एक मथळा लाल केला की सगळेच लाल होतात.

दिसण्यापेक्षा शब्दांचा घोळ महागात पडतो. वर ‘डिलिव्हरी ४ आठवडे’, खाली अटींमध्ये ‘३० दिवसांत पुरवठा’. एकीकडे २८ दिवस झाले, दुसरीकडे ३०, आणि मोजायचे कधीपासून? पीओ (ग्राहकाची खरेदी ऑर्डर) मिळाल्यापासून, अ‍ॅडव्हान्स जमा झाल्यापासून, की ड्रॉइंग मंजूर झाल्यापासून? असे शब्द आणि ठरलेली वाक्यं एका पानावर उतरवा. दोन पानं झाली की कोणी बघत नाही. बदल करायचा अधिकार एकाच माणसाकडे ठेवा.

जुन्या फाइली सुधारताना ‘रिप्लेस ऑल’ जपून वापरा. ‘दर’च्या जागी ‘भाव’ घालायला गेलात तर ‘सादर’चं ‘साभाव’ होईल. ‘डिलिव्हरी’चा ‘पुरवठा’ केलात तर ‘डिलिव्हरीची तारीख’ ही ‘पुरवठाची तारीख’ होऊन बसेल. मराठीत सामान्यरूपं आहेत, संगणकाला ती कळत नाहीत. ‘फाइंड नेक्स्ट’ दाबत एकेक बघणं हाच उपाय, कंटाळवाणा असला तरी.

प्रश्न : आम्ही पिंपळगाव बसवंतहून द्राक्षं निर्यात करतो. प्रेझेंटेशनमधली मराठी अक्षरं दुसऱ्या लॅपटॉपवर बिघडतात. शिवाय नेदरलँड्सच्या खरेदीदारासाठी आकडे कसे लिहावेत?

उत्तर : बिघडतात म्हणजे काय होतं, ते आधी पाहा. इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसत असेल तर मजकूर कृतिदेवसारख्या जुन्या, युनिकोड (सगळ्या संगणकांवर चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये आहे. नुसता फॉन्ट बदलून भागत नाही, कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणावा लागतो आणि मग जोडाक्षरं डोळ्यांखालून घालावी लागतात. मजकूर वाचता येतोय, फक्त वळण बदलून ओळी चौकटीबाहेर जातायत, तर तो फॉन्ट त्या लॅपटॉपवर नाही. विंडोजसोबत येणारा निर्मला यूआय वापरा, नाहीतर ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘सेव्ह’मध्ये जाऊन फॉन्ट फाइलीतच एम्बेड करा.

फॉन्ट, रंग, लोगो ‘स्लाइड मास्टर’मध्येच, म्हणजे सगळ्या स्लाइड्सच्या मूळ साच्यातच, ठरवा. दुसऱ्या प्रेझेंटेशनमधली स्लाइड आणताना ‘यूज डेस्टिनेशन थीम’ निवडा. ‘कीप सोर्स फॉरमॅटिंग’ केलंत की तिचा मास्टरही पाठोपाठ येतो, आणि चार जणांच्या स्लाइड्स जोडल्या की एका फाइलीत चार मास्टर नांदतात. मग लोगो एका ठिकाणी बदलला तरी तीन ठिकाणी जुनाच.

आकड्यांचं म्हणाल तर लाख-कोटी त्यांना नको. नेदरलँड्समध्ये दशांशासाठी स्वल्पविराम आणि हजारांसाठी टिंब वापरतात. तुमची ‘४.५०० किलो’ची पेटी तिथे साडेचार हजार किलोंची वाचली जाऊ शकते. शेवटची शून्यं गाळा, ‘४.५ किलो’ पुरे. तारखेत महिना अक्षरी लिहा. एक्सेलमधली लाखांची स्वल्पविराम-पद्धत सहसा विंडोजच्या ‘रीजन’ सेटिंगमधून येते, ती फाइलीबरोबर जात नाही. तेव्हा दरपत्रक पाठवायचं ते पीडीएफ करूनच.