कल्चर रिपोर्टमधला लहान आकडा म्हणजे चांगलं औषध?

प्रश्न : आईला लघवीला जळजळ होत होती, ताप नव्हता. कल्चरमध्ये ई. कोलाय निघाला, 'एक लाखापेक्षा जास्त'. औषधांपुढे एमआयसीचे आकडे आहेत : मेरोपेनेम ०.२५ किंवा कमी, नायट्रोफ्युरँटॉइन १६ किंवा कमी, सिप्रोफ्लॉक्सासिन ४ किंवा जास्त. मेरोपेनेमचा आकडा सगळ्यांत लहान असताना डॉक्टरांनी नायट्रोफ्युरँटॉइन का दिलं?
– एक वाचिका, नाशिक

उत्तर : हे आकडे एकमेकांशी ताडून बघायचे नसतात. जंतूची वाढ थांबवायला कमीत कमी किती औषध लागतं, ते एमआयसी सांगते; मिलिलिटरमागे इतके मायक्रोग्रॅम. ते तेवढं पुरेसं आहे का, याची कसोटी मात्र प्रत्येक औषधाची वेगळी. सीएलएसआय या अमेरिकी संस्थेच्या लॅबसाठीच्या निकषांत ई. कोलायसाठी नायट्रोफ्युरँटॉइन ३२ पर्यंत 'एस', म्हणजे लागू पडणारं. सिप्रोफ्लॉक्सासिन ०.२५ पर्यंतच 'एस', आणि १ पासून पुढे 'आर', म्हणजे जंतू त्याला दाद देत नाही. म्हणून एकाचे १६ चांगले आणि दुसऱ्याचे २ सुद्धा वाईट.

नायट्रोफ्युरँटॉइन रक्तात फार थोडं राहतं, पण लघवीत भरपूर साठतं. मूत्राशयापुरत्या संसर्गाला ते उत्तम. थंडी वाजून ताप, कंबरेच्या वर पाठीत दुखणं सुरू झालं तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेल्याची शंका घ्यावी. तिथे हे औषध पुरत नाही, ताबडतोब डॉक्टरांना कळवा. मूत्रपिंडाचं काम बरंच मंदावलेलं असेल तरीही ते टाळतात. मेरोपेनेम शिरेतून द्यायचं, गंभीर रुग्णांसाठी राखून ठेवायचं औषध आहे. साध्या जळजळीसाठी ते वापरू नये, असं आमचं ठाम मत आहे.

'एक लाख' मोजतात ते असे : एक मायक्रोलिटरच्या लूपने (तारेच्या कडीने) लघवी प्लेटवर पसरतात, दुसऱ्या दिवशी जंतूंच्या १०० कॉलन्या (ठिपके) दिसल्या, तर मिलिलिटरला एक लाख. नमुना उन्हाळ्यात चार तास बाहेर राहिला तर दहा हजारांचे लाख सहज होतात. म्हणून सुरुवातीची धार सोडून मधली धार निर्जंतुक डबीत घ्या आणि दोन तासांत लॅबमध्ये पोहोचवा. जमत नसेल तर डबी फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीजरमध्ये नको.

प्रश्न : आमच्या लॅबमध्ये ई. कोलाय एटीसीसी २५९२२ वर (तपासणीची पारख करायच्या प्रमाणित जंतूवर) जेंटामायसिनचा झोन (औषधाच्या डिस्कभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ) कधी २२, तर कधी २८ मिमी येतो. कुठे चुकतंय?
– डीएमएलटीचा विद्यार्थी, लातूर

उत्तर : मर्यादा १९ ते २६ आहे, म्हणजे २८ च्या दिवशीचे रुग्णांचे रिपोर्ट सोडू नयेत. झोन अवास्तव मोठा आला की खरा 'आर' जंतू 'एस' म्हणून जातो.

पहिला संशय सस्पेन्शनवर, म्हणजे जंतू मिसळलेल्या द्रवावर घ्या. गढूळपणा जुळवून बघायच्या ०.५ मॅकफार्लंडच्या प्रमाण नळीत बेरियम सल्फेट तळाशी बसतं. नळी नीट न हलवता तुलना केली की वरचं द्रव फिकं दिसतं, तुम्ही सस्पेन्शनही तेवढंच पातळ करता, जंतू कमी पडतात आणि झोन फुगतो. व्होर्टेक्सवर (नळी घुसळणाऱ्या यंत्रावर) नळी हलवा, मगच काळ्या रेघांच्या कार्डापुढे दोन्ही धरा. सस्पेन्शन १५ मिनिटांत वापरा. स्वॉब नळीच्या भिंतीला दाबून जादा द्रव काढा आणि दर वेळी प्लेट ६० अंश फिरवून तीनदा पसरा.

मग अगारची, म्हणजे प्लेटमधल्या जेलीसारख्या माध्यमाची जाडी मोजा. ४ मिमी हवी. ९० मिमीच्या प्लेटला साधारण २५ मिली मुलर-हिंटन अगार लागतो. काटकसरीने १५ मिली ओतला तर जाडी अडीच मिमीच्या आत येते आणि झोन मोठा होतो. टेबल तिरपं असेल तर झोन एका बाजूला ओढलेला दिसतो.

दोन्ही ठीक असतील तर पीएच बघा, ७.२ ते ७.४ हवा. माध्यम अल्कधर्मी झालं की जेंटामायसिनचा झोन वाढतो, आम्लधर्मी झालं की आखडतो.

प्रश्न : कोलिस्टिन या प्रतिजैविकाची डिस्क लावली तर चालेल का?
– तोच विद्यार्थी

उत्तर : नाही. रेणू मोठा असल्याने तो अगारमध्ये जेमतेम पसरतो. 'आर' आणि बाकीचे जंतू जवळपास सारखेच झोन देतात. ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन (द्रव माध्यमात औषध टप्प्याटप्प्याने पातळ करत एमआयसी काढणं) करा, साध्या पॉलिस्टायरीनच्या ट्रेमध्ये, पॉलिसॉर्बेट हे साबणासारखं द्रव्य न घालता. ई. कोलायसाठी आता सीएलएसआय कोलिस्टिनला 'एस' देतच नाही : २ पर्यंत 'आय', म्हणजे मधला, ४ पासून 'आर'. रिपोर्टवर 'एस' छापला जात असेल तर तो जुना निकष आजच बदला.