ठाण्यात दोन फुटी टाकी घेतली आहे. पहिल्यांदा कोणते आणि किती मासे सोडू?

सहा नर गप्पींनी सुरुवात करा, पण टाकी भरल्यावर लगेच एकही मासा सोडू नका. विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून माशांना घातक असा अमोनिया होतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंच सौम्य नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात रुजायला ४ ते ६ आठवडे लागतात. तोवर क्लोरीन काढलेल्या पाण्यात फिल्टर २४ तास चालू ठेवा आणि रोज चिमूटभर खाद्य टाका. कुणाच्या जुन्या टाकीतला वापरलेला स्पंज मिळाला तर काम बरंच लवकर होतं. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले की गप्पी, दोन-तीन आठवड्यांनी चार प्लॅटी (तेही नरच, नाहीतर पिल्लांचा सुळसुळाट), आणि तिथे थांबा. जेमतेम ५५ लिटरची टाकी ती! ‘काच साफ करतो’ म्हणून दुकानदार सकर मासा गळ्यात मारतील, तो फुटाहून मोठा होतो. गोल्डफिश तर थंड पाण्यातला. निऑन टेट्राच हवे असतील तर मात्र एप्रिल-मेचा विचार करा: त्यांना २५ अंशांच्या आसपासचं पाणी मानवतं, आणि आपल्याकडे तेव्हा टाकी सहज ३० गाठते.