पोरं हाणामारीच का करतात

प्रिय गेम मास्तर,

(दोस्तांनी हे नाव पाडलंच आहे, तर मीही वापरतो.)

तू गोष्ट सांगणार आणि पोरं त्यातली पात्रं होऊन काय करायचं ते ठरवणार, अशा भूमिका-खेळासाठी (रोल-प्लेइंग गेम) राजहंसगडावर मोहीम रचलीस आणि तासाभरात चौघा खेळाडूंनी दिसेल त्याला उडवायचा सपाटा लावला, म्हणून वैतागलायस. पोरांवर राग काढू नकोस. तुझ्या नियमांत गुण कशाला मिळतात? शत्रू मारल्याला. मग दुसरं काय करतील ती?

१९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा असाच खेळ काढला, तेव्हा तळघरातून आणलेल्या सोन्याच्या एका नाण्याला एक गुण होता. पुढच्याच वर्षी राक्षस मारण्याचे गुण बरेच कापले. मग कोण कशाला लढतंय! दोर, कंदील, लाच, थापा, जे जमेल ते करून माल घेऊन सटकायचं. ‘कॉल ऑफ कथुलू’ या भयकथेच्या खेळाने (१९८१) मनाचा तोलच आकड्यात मांडला, भयंकर काही दिसलं की तो घटतो. तिथे दार उघडायलाही खेळाडू कचरतात.

मला स्वतःला व्हिन्सेंट बेकरच्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ची (२०१०) रीत आवडते. दोन साधे फासे टाकून बेरीज करायची. १० किंवा वर पडले तर काम फत्ते, ६ किंवा खाली पडले तर मास्तर संकट आणणार. ७ ते ९ पडले तर काम होतं, पण काहीतरी मोजावं लागतं. पात्राच्या गुणांमुळे बेरजेत आणखी आकडा मिळवायचा नसेल, तर ३६ पैकी १५ वेळा हेच मधलं पडतं. म्हणजे पहारेकरी दिंडी दरवाजा उघडतो, पण तलवार ठेवून घेतो आणि वर कुणाची माणसं म्हणून विचारतो. आता बोला!

तुझ्या पात्रांच्या कागदावर भाषांचा रकाना आहे, त्याकडे कुणी बघत नाही. तुमच्यातले दोघं घरी कन्नड बोलतात ना? पहारेकऱ्याला फक्त कन्नड येतं असं ठरव, आणि दुभाष्याला शत्रू मारल्याइतकेच गुण दे. त्याने मुद्दाम उलटंसुलटं सांगितलं तरी देऊन टाक.

बोलण्यासाठी मात्र पानभर नियम लिहीत बसू नकोस. पोरगा झकास बोलला तर फासे टाकायलाच लावू नकोस; काहींना हा पक्षपात वाटतो, वाटू दे.

आणि त्या वीस बाजूंच्या फाशापायी खडेबाजार पालथा घालू नकोस. घरातले ल्युडोचे दोन पुरतात.

तुझा,
काका